थू म्हणणाऱ्या मैत्रिणी

तुळजापुरात माणसं देवीपुढं स्वच्छ होऊन उभी राहतात, कारण आपली घाण ती आधीच लॉजवर ठेवून आलेली असतात. शिवकन्याचं हे मत होतं आणि ते खोडून काढणारं कुणी तिला अजून भेटलं नव्हतं. बंडप्पांच्या लॉजवर खोल्या झाडायला लागल्यापासून तिनं बेसिनातले तंबाखूचे चोथे काढले, पडद्यांना पुसलेले कुंकवाचे पंजे धुतले, मोरीच्या जाळीत कोंबलेल्या नारळाच्या शेंड्या उपसल्या. एका बाईनं लेकराचं भरलेलं डायपर खिडकीच्या गजात अडकवून ठेवलं होतं. हटकलं तर म्हणाली, "रस्त्यावर कसं टाकायचं? देवीचं गाव हाय."

शिवकन्या लिंगायताची. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. जावळं काढायला येणारी मंडळी गावाबाहेर बोकड कापतात आणि उरलेल्या मटणाचे डबे खोलीवर आणतात. खोलीत मांसाहार करू नये, अशी पाटी बंडप्पांनी स्वतः रंगवून जिन्यात लावली आहे, आणि चघळलेली हाडं बरोबर त्या पाटीखालीच सापडतात. हाडं उचलण्याआधी शिवकन्या गळ्यातलं लिंग पाठीवर सरकवते. त्यानं तरी बघू नये.

हे सगळं ती कुणाला सांगणार? नवरा शांतलिंग देवळाजवळच्या दुकानात बांगड्या विकायचा. स्वभावानं गरीब. पण तिनं तोंड उघडलं की 'पुरे' म्हणून त्याचा हात वर व्हायचा.

"जेवताना नको."

"मग झोपताना सांगू?"

"झोपताना तर नकोच. स्वप्नात येतंय."

"मग कवा सांगायचं?"

"सांगायचंच कशाला? धुतलंस न्हवं? झालं की."

धुतल्यानं होत नाही, हे त्याला समजावणं तिनं सोडून दिलं. हात धुवून निघतो. पाहिलेलं मात्र आत जाऊन बसतं, जेवताना घासाच्या आड येतं. लेकीसुना असलेल्या बायका निदान घरात कुरकुर करतात. शिवकन्याला मूलबाळ नव्हतं. ती मोबाइल बघायची.

एकदा मोबाइलवर शहरातली एक बाई लिंबू आणि सोडा टाकून बेसिन घासताना दिसली. गालाला खळ्या पाडत घासत होती. शिवकन्यानं त्या व्हिडिओखाली बोलून लिहिलं, "बाई, ह्या बेसिनात कुणी थुंकलेलं न्हाय. थुंकलेलं घासून दाखव, मग हस." संध्याकाळपर्यंत त्या एका ओळीखाली अनोळखी बायकांची रीघ लागली. ईट गावची प्रेमाबाई त्यांतलीच. तिची पिठाची गिरणी होती आणि लोकांच्या दळणात तिला काय काय सापडायचं ते ऐकणारं तिलाही कुणी नव्हतं. तिनंच ग्रुप काढला. नाव ठेवलं 'इथं ओका'.

ग्रुपचा नियम प्रेमाबाईनं पहिल्याच दिवशी आवाजात सांगून टाकला होता. "सल्ला द्यायचा न्हाय. सल्ले लई झाले जन्मभर. एकीनं सांगायचं, बाकीच्यांनी निस्तं थू म्हणायचं. पटलं तर राहा."

सगळ्या राहिल्या. लातूरची एक नर्स होती, सोलापूरची एक एसटीची कंडक्टरीण होती, आणखी बऱ्याच होत्या. कंडक्टरीण खिडकीतून मागच्या सीटवर आलेल्या उलटीचं सांगायची. शिवकन्या दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून सकाळच्या खोल्यांचं सांगायची. आणि मग मोबाइलवर एकाखाली एक उमटत जायचं: थू. थू. थू थू. तेवढ्या एका अक्षरानं तिचा घास गिळला जायचा. ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा बायका आपल्यासाठी थुंकतात, याहून जास्त माया तिला कुणी लावल्याचं आठवत नव्हतं.

त्यातच ढोकीची निकिता होती. वयानं लहान, शिवकन्याला शिवाताई म्हणायची. तिच्या घरी ट्रॅक्टर, ऊस, माणसांचा राबता. आणि या सगळ्यावर सासू म्हाळसाबाई. म्हाळसाबाई आपली कवळी काढून समोर दिसेल त्या भांड्यात ठेवत. चहाच्या कपात, देवाच्या फुलपात्रात, एकदा नातवाच्या दुधाच्या वाटीत. निकिता हे असं सांगायची की ग्रुपवरच्या सगळ्या त्या कवळीला नात्यातल्या बाईसारखं ओळखू लागल्या होत्या. "कवळी काय म्हणतीय आज?" असं प्रेमाबाई सकाळीच विचारायची.

लेकाचं जावळ काढायला तुळजापूरला यायचं ठरलं तेव्हा निकितानं शिवकन्याला एकटीला फोन केला. ग्रुपवर यातलं काही बोलणं झालं नाही. शिवकन्यानं बंडप्पांना सांगून सतरा नंबर अडवून ठेवला. आदल्या दिवशी ती त्या खोलीत गुडघ्यावर बसली आणि फरशीच्या फटींतून जुन्या दातब्रशानं काळं काढलं. पोरीला कुणाची घाण दिसू नये. नवी चादर घातली. खिडकीत काचेच्या पेल्यात पाणी घालून पिवळ्या शेवंतीचं एक फूल ठेवलं.

गाडी आली. आधी रणधीर उतरला, निकिताचा नवरा. मग म्हाळसाबाई, मग नणंद, मग कडेवर लेकरू घेतलेली निकिता. आवाजावरून जी शिवकन्याला उंच वाटली होती ती बारकी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली पोर निघाली. शिवकन्या तोंडभर हसली. निकितानं नजर खाली घातली.

मोरीसाठी बादली घेऊन शिवकन्या वर गेली तेव्हा निकिता दाराशीच उभी होती.

"ताई," ती ओठ न हलवता म्हणाली, "घरात ग्रुपचं ठाव न्हाय. तुमी मला वळखत न्हाय. हां?"

"म्या कुठं वळखते तुला," शिवकन्या म्हणाली आणि पुन्हा हसली. निकिता हसली नाही.

आतून म्हाळसाबाईंचा आवाज आला, "निकिता, कोन हाय गं तिथं?"

"कुणी न्हाय, आत्याबाई. लॉजवाली हाय."

शिवकन्यानं बादली खाली ठेवली. कुणी न्हाय. बरोबरच होतं, तिनंच तर कबूल केलं होतं. तरी जिना उतरताना तिनं ते दोन शब्द पुन्हा एकदा म्हणून बघितले.

संध्याकाळी जावळ काढून मंडळी परतल्यावर प्यायचं पाणी द्यायला ती गेली. खोलीत मटणाचा वास कोंदला होता. खिडकीतल्या पेल्यातलं फूल नव्हतं. त्यात पाणी होतं आणि पाण्यात कवळी. एवढं ऐकलेलं प्रत्यक्ष समोर दिसलं. एरवी ती खाली धावत गेली असती, पायरीवर बसून पोट धरून हसली असती, ग्रुपवर सांगितलं असतं. आता ती कवळी तिच्याकडं बघून दात विचकत होती आणि सांगायला जागा नव्हती, कारण जिची कवळी तिची सून पलंगाच्या कडेला बसून भिंत बघत होती.

दुसऱ्या दिवशी देवीला जाऊन आल्यावर मंडळी निघाली. निकिता जाताना मागं वळली नाही.

शिवकन्या सतरात शिरली. शेवंती बेसिनात पडली होती, तिच्यावर राखाडी थुंकी. नव्या चादरीला रश्शाचे हात पुसलेले. पलंगाखाली हाडं, वर्तमानपत्रावरसुद्धा नाहीत, तशीच, मुंग्यांनी धरलेली. मोरीत पिवळं पाणी तुंबलेलं. हे काही वेगळं नव्हतं. रोज असतं तेच, तितकंच. आणि हेच तिला सोसेना. दुसऱ्यांची घाण ऐकून थू म्हणणारी पोर या घाणीत रात्रभर बसली, निजली, आणि एक हाड काही तिनं उचललं नाही.

लॉजवर एक रीत होती. खोलीत सापडलेली गाठोडी, पुड्या, पिशव्या उघडून बघितल्याशिवाय टाकायच्या नाहीत. लोक दागिने विसरतात. शिवकन्या ती रीत कधी मोडत नसे. त्या दिवशी गीझरवर वर्तमानपत्राची एक पुरचुंडी होती. हाताला मऊ लागली, पोळीसारखी. शिळं अन्न, अजून काय असणार यांचं. तिनं ती न उघडता हाडांच्या बादलीत टाकली आणि बादली मागच्या हौदात उलटी केली. घंटागाडी येईपर्यंत लॉजचा कचरा त्या हौदात राहायचा.

थोड्या वेळानं बंडप्पा गल्ल्यावरूनच ओरडले, "शिवकन्या! सतरातलं जावळ कुठं टाकलीस?"

"कसलं जावळ, अप्पा?"

"गीझरवर ठेवलं हुतं म्हणं, पेपरात. त्येंच्यात आत्या पोळीवर केस झेलती. ती पोळी नेऊन तेरणा नदीत सोडायची. आता त्यो रणधीर फोनवर पेटलाय. गाडी फिरवलीय धाराशिवातनं. सापडव बाई, न्हायतर देवीच्या दारात माझी आब्रू जाती."

शिवकन्या हौदात उतरली. लिंग पाठीवर सरकवलं, पदर नाकावर बांधला आणि हातानं उपसायला लागली. लॉजच्या सगळ्या खोल्या तिथं एक झाल्या होत्या: चहाची पावडर, डायपर, नारळाची केसरं, नासलेला भात, आणि सगळ्यावर मटणाचा तेलकट रस्सा. कमरेचा मोबाइल सारखा वाजत होता. अप्पांचाच असेल म्हणून तिनं त्यातल्या त्यात बरा हात पदराला पुसून तो काढला.

ग्रुप होता. निकितानं लिहिलं होतं.

"लॉजच्या बाईनं माझ्या लेकराचं जावळ कचऱ्यात टाकलं. ठेवलं नणंदेनं, विसरली ती, आणि गाडीत सगळे मला बोलतायत. असल्या बायकांना अक्कल नसते. देवाचं कळत नाही, लेकराचं कळत नाही."

खाली ओळ लागली होती. थू. थू. थू थू थू. नर्सचं, कंडक्टरणीचं, सगळ्यांचं. शेवटी प्रेमाबाईचा आवाज. शिवकन्यानं तो हौदात उभ्या उभ्या ऐकला. "थू त्या बाईवर! लेकराच्या जावळाला हात लावताना काय वाटलं न्हाय व्हय गं मेलीला? हात झडले न्हाईत तिचे?"

तोच आवाज. ज्यानं एवढे दिवस तिचा घास गिळायला मदत केली होती, तोच. शिवकन्यानं आपल्या हाताकडं बघितलं. कोपरापर्यंत तेल होतं. आपण ज्यांच्यावर थुंकत आलो त्यांनाही असाच एखादा हात असेल, असं तिला वाटलं, आणि या विचाराचीही तिला किळस आली. तिला असला विचार नको होता. तिला तिचं थू परत हवं होतं.

पुरचुंडी तळाशी सापडली. कागदाचा भिजून लगदा झाला होता. पोळी रश्शात फुगलेली, तिच्यात एक बरगडीचं हाड रुतलेलं, आणि सगळ्यावर चिकटलेले काळे, रेशमासारखे केस. तिनं हाड चिमटीत धरून ओढलं. त्याबरोबर केसांची एक बट आली. ती बट बोटांनी निरपून तिनं पुन्हा पोळीवर ठेवली. मग हौदाच्या कठड्याला धरून ती ओकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गाडी दारात येऊन थांबली. म्हाळसाबाई पदर नाकाला लावून उतरल्या. शिवकन्यानं दोन्ही हात पुढं केले.

"हातात नगं देऊस!" म्हाळसाबाई मागं सरल्या. "त्या कट्ट्यावर ठेव. आन लांब हो."

नणंदेनं प्लास्टिकची पिशवी उलटी करून पोळी उचलली. रणधीर घड्याळ बघत होता. म्हाळसाबाई गाडीत चढता चढता लेकीला म्हणाल्या, "वास बघितलीस का बाईच्या अंगाला?" त्यांच्या घरच्याच मटणाचा वास होता तो.

निकिता आत बसून होती. काच वर केलेली. मांडीवरचं टकलं लेकरू काचेला नाक लावून शिवकन्याकडं बघून हसलं. निकितानं त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं. गाडी गेली.

शिवकन्यानं नळावर हात धुतले, पुन्हा धुतले. मग पायरीवर बसून मोबाइल तोंडाशी धरला आणि सांगायला लागली. नाव कुणाचं घेतलं नाही. न उघडता पुरचुंडी टाकली ती चूक आपली, हेही सांगितलं. हौद सांगितला, रस्सा सांगितला, पोळीत रुतलेलं हाड सांगितलं. हातात नगं देऊस, हे सांगताना आवाज जरा हलला, तो तिनं तसाच राहू दिला. "तुमी थू केलात ती मेली म्याच," असं शेवटी म्हणाली आणि पाठवून दिलं.

सगळ्यांनी ऐकल्याच्या निळ्या खुणा आल्या. कुणी काही लिहीना. प्रेमाबाई लिहितेय असं दिसे आणि पुसलं जाई. कुणावर थुंकायचं ते कुणाला कळत नसावं. शिवकन्याला वाटलं, संपलं. आता पुन्हा शांतलिंग, त्याचा वर झालेला हात, आणि पोटात बसलेलं सगळं.

मग एक अक्षर उमटलं. निकिताचं.

"थू."

आणि बऱ्याच वेळानं, गाडी बहुधा ढोकीला पोचल्यावर, "माझ्यावर."

त्याखाली प्रेमाबाईचा आवाज आला, घोगरा. "आन माझ्या जिभंवर बी थू." नर्सनं विचारलं, "ताई, हात साबणानं धुतले का?" एरवी एवढ्यावरून तिला सल्ला दिला म्हणून बाहेर काढलं असतं. कुणी काढलं नाही.

शिवकन्यानं हात नाकाशी नेला. वास होताच. निकिताच्या त्या दोन शब्दांनी तो गेला नव्हता, आणि जाईल असंही तिला वाटलं नाही. माफ केलं की नाही ते तिचं तिलाच कळेना. पण घशाशी अजून काहीतरी शिल्लक होतं आणि ते तिथं राहून चालणार नव्हतं. वरून सतरातल्या नव्या माणसांनी हाक मारली, "ओ मावशी, पाणी!"

"आले," ती ओरडली आणि मोबाइल पुन्हा तोंडाशी धरला.

"बरं, ऐका. त्या म्हातारीची कवळी सांगायची राहिलीच. म्या डोळ्यानं बघितली. माझं फूल काढून माझ्या पेल्यात ठिवली हुती. निकिता सांगती त्यापरीस लई पिवळी हाय."