काचेवरचा आखूड बोटाचा हात

उझबेकिस्तानातल्या नमनगान शहराच्या एका गल्लीत गुलाबाची रोपं हवी असली की माणसं इनोबतच्या दाराशी येत. कलमं तिचा नवरा बांधायचा. तिच्या वाट्याला पुसापुशी. एका झाडाची सुरी दुसऱ्याला लावण्याआधी पुसायची, कामाचा ओटा पुसायचा, रोपांच्या पेटीवरची काच पुसायची. लेकीनं ताश्कंदहून मायक्रोफायबरची फडकी धाडली होती, पुन्हापुन्हा धुऊन वापरायची. निळं सुरीला, पिवळं काचेला आणि रोगट झाडापुरतं हिरवं वेगळं. इनोबतच्या भेगाळ बोटांना ती अशी चिकटत की झटकल्याशिवाय सुटत नसत.

"बघ, फडक्यालाही तुला सोडवत नाही," नवरा हसायचा.

थंडी सरता सरता तो गेला. त्या दुपारी त्यानं गुलाबाच्या फांद्या पेटीत खोचल्या, काच लावली आणि चहा मागितला. ती चहा घेऊन आली तेव्हा तो जर्दाळूच्या बुंध्याला टेकून बसला होता. प्याला घ्यायला हात पुढे आला नाही.

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया मेलेल्याचे कपडे धुवायला जमल्या. रीतच आहे तशी. काही धुवायचं राहिलं तर माणूस त्यापायी घुटमळत राहतो म्हणतात. पुढारीपण नणंदेकडे, हासियतकडे. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ती इनोबतला केलिनच म्हणे, म्हणजे घरची नवी नवरी. सदऱ्यांबरोबर तिनं फडकीही टबात कोंबली आणि कपडे मऊ करायचं वासाचं पाणी अख्खी बाटलीभर ओतलं.

"आपा, फडक्यांना ते नको! मग ती धड पुसत नाहीत."

"गप गं केलिन. माझ्या भावाला जाताना जरा सुवास नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीची काच धुरकटली होती आणि त्या वाफेत हात उमटला होता. पाच बोटं, त्यातलं एक आखूड. तरुणपणी कलमाच्या सुरीनं गेलं होतं ते टोक.

इनोबतनं पिवळं फडकं फिरवलं. ते नुसतंच सरपटलं, बोटांना चिकटलं नाही. ऊन चढलं तसा हात विरला. सकाळी पुन्हा हजर.

हासियतनं ते पाहिलं आणि बाधा टळावी म्हणून स्वतःच्या सदऱ्याची गळपट्टी ओढून आत थू थू केलं.

"काहीतरी राहिलंय त्याचं. मी जुम्म्याला येते. फोडूनच टाकू ही काच."

"आणि आतल्या फांद्या? अजून हिव पडतंय, आपा. काळ्या पडतील. त्यांच्या हातच्या शेवटच्या आहेत."

"काड्यांसाठी माझ्या भावाला भटकत ठेवतेस?"

इनोबतनं कढत पाण्यात शिरका घातला आणि वास जाईपर्यंत फडकी घुसळली, दोरीवर वाळवली.

जुम्म्याच्या सकाळी पिवळं फडकं पूर्वीसारखं बोटांना चिकटलं. तिला हायसं वाटलं. काचेवरून ते झरझर फिरलं, पण हातापाशी आलं आणि अडलं. काच गुळगुळीत, तरी दुसरं टोक कुणीतरी धरावं तसं. तिनं ओढलं. सुटलं. काच लखलखली. हात जिथल्या तिथे.

इतके दिवस ती फडक्याला बोल लावत होती. ठसा काचेच्या आतून होता.

काच लावताना खालून हात लागला असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण बोटं तिच्याकडे वळलेली होती, पेटीच्या आतून कुणी तळवा वर टेकावा तशी.

तेवढ्यात फाटक करकरलं. हासियत, हातात हातोडा. इनोबतनं चटकन आपला तळवा त्या हातावर ठेवला. खालून काच कोमट लागली.

"गेला बघा, आपा. हा माझा हात."

"एवढा मोठा?"

"चाळीस वर्षं पुसापुशी करून बघा, तुमचाही पसरेल."

हासियतनं काचेभोवती एक चक्कर मारली, हातोडा ओढणीत गुंडाळला. "चहा टाक मग," म्हणून ती घरात गेली.

इनोबतनं तळवा उचलला. तिचा ठसा बघता बघता उडून गेला. खालचा राहिला. त्याच्याखाली फांद्यांना तांबूस डोळे फुटले होते.

काच उघडून आतून एक हात फिरवला असता तर काम झालं असतं. फडकं तर हातातच होतं.

"बाहेरूनच पुसते मी," ती हळूच म्हणाली.

फडकं बोटांना चिकटून होतं. तिनं ते झटकलं नाही.