मामंजींचं गोंदणाचं मशीन

आमच्या मामंजींना घरातली कुठलीही वस्तू चालू असलेली बघवत नसे. बंद पडलेली वस्तू ते दुरुस्त करत आणि चालू असलेली उघडत. मामंजी म्हणजे माझे सासरे. वैजापूरहून लग्न होऊन मी औरंगाबादला त्यांच्या घरी आले, तेव्हा दाराला विजेची घंटी होती. सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत ती दारावर टिकली. नंतर माझा भाऊ मला न्यायला आला आणि भर उन्हात बटण दाबत उभा राहिला. घंटी त्या वेळी मागच्या खोलीत मामंजींच्या मांडीवर होती. तिचा टोला काढून त्या जागी त्यांनी शिवणाची सुई बांधली होती. भाऊ मला काही बोलला नाही, पण माहेरी जाऊन त्यानं जे सांगितलं ते ऐकून आई रडली.

मी तणतणत घंटी परत मागायला गेले, तर त्यांनी मलाच समोर बसवलं. "बघ सूनबाई, घंटीत काय असतंय? ही दोन रिळं, तार गुंडाळल्याली. करंट आला की ह्येंचं चुंबक होतंय आन् ही पट्टी खाली वढली जाती. पट्टी खाली गेली की हितलं टोक सुटतंय. करंट बंद, चुंबक मेलं. मग स्प्रिंग पट्टीला वर घेती, टोक चिकटतंय, पुन्हा करंट. नुसतं खाली-वर, खाली-वर. टोला असला की वाजती. टोल्याच्या जागी सुई लाव, झालं गोंदायचं मशीन!"

"आणि पाहुणे आले तर?" मी विचारलं.

"हाक मारतील की. त्येंला तोंड नाय व्हय?"

पोट भरायचा धंदा पंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचा होता, पण जीव सगळा या मशीनमध्ये. हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत. तेव्हा ते शहागंजमधल्या एका उस्तादांकडे काम शिकत होते. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत कुणी परगावचा माणूस बॅटरीवरचं गोंदणाचं मशीन घेऊन बसला होता. तोवर आमच्याकडे गोंदायचं ते हातानं. गोंदणाऱ्या बायका चार-पाच सुया दोऱ्यानं एकत्र बांधत, काजळीत पाल्याचा रस कालवत आणि गाणं म्हणत टोचत. या माणसाचं मशीन मात्र इतकं किंचाळे, की गिऱ्हाईक अर्धा मोर हातावर घेऊन पळून गेलं. गर्दी हसली. मामंजी तेवढे हसले नाहीत. मशीन रडतंय म्हणजे पट्टी बरोबर बसलेली नाही, एवढं त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उस्तादांच्याच दुकानाची घंटी उघडली. उस्ताद फक्त एवढंच म्हणाले, "मियाँ, तार को गुस्सा नक्को दिखाओ, आराम से लपेटो." मला विचाराल तर त्या दिवशी उस्तादांनी कानाखाली एक वाजवली असती, तर माझा संसार सुखाचा झाला असता.

मशीन झालं की ते चालवून बघायला कातडी लागते. माणसाची कातडी फुकट मिळत नाही, म्हणून मामंजी माझ्या भाजीच्या टोपलीवर हात टाकत. सुई वरवर गेली तर शाई धुतली की जाते आणि खोल गेली तर पसरते. याचा अंदाज म्हणे वांग्यावर चांगला येतो. त्यामुळे आमच्या घरी भरल्या वांग्यांवर विंचू, मोर आणि कुणाकुणाची नावं असत. शाईचा भाग खरवडून काढता काढता माझी बोटं काळी होत. एकदा त्यांनी कोवळ्या दुधी भोपळ्यावर सुबक अक्षरात श्रीराम गोंदला. आता तो चिरायचा कसा? सासूबाईंनी कानावर हात ठेवले. "देवाच्या नावावर विळी चालवती व्हय गं?" मग भोपळा देवळीत गेला. रोज त्याच्यासमोर दिवा लागू लागला. तो सुकला, सुरकुतला, शेवटी घरात वास सुटला, तेव्हा मीच तो खाम नदीत सोडून आले. त्या दिवशी स्वयंपाकाला भाजी नव्हती. मामंजींनी जेवताना विचारलं, "भाजी का नाय केली?"

तरी जत्रेत त्यांच्यासमोर रांग लागे, हे मला मान्य करावंच लागेल. कर्णपुऱ्याला ते दरवर्षी बसत. खुलताबादच्या उरुसातही स्कूटरची जुनी बॅटरी घेऊन जात. मशीनला कान लावत, तोंडातल्या तोंडात "गायला पायजे, रडायला नको" म्हणत आणि आवाज एकसारखा झाला की मगच गिऱ्हाइकाचा हात धरत. बायका यायच्या नवऱ्याचं नाव गोंदायला, पोरं यायची बदाम काढायला, आयाबाया लेकरांच्या हातावर नाव-गाव घालायला यायच्या, गर्दीत हरवलं तर सापडावं म्हणून. गावोगावचे गोंदणारे मामंजींकडून मशीन बनवून नेत. सगळ्या जिल्ह्याचे हात या माणसानं रंगवले. फक्त एका हातावर त्यांचं काही चाललं नाही. तो हात सासूबाईंचा.

सासूबाई लेण्यांजवळच्या फर्दापूरकडच्या. त्यांच्या डाव्या हातावर लहानपणी सुईनं गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं, हिरवट पडलेलं. उजवा हात कोरा होता आणि मामंजींचा सगळा जीव त्या कोऱ्या हातावर होता. खंडेनवमीला इतरांच्या घरी कोयते, पाने-पकडी, शिवणयंत्रं देवापुढे येतात, तसं आमच्याकडे गोंदणाचं मशीन येई. हळदकुंकू वाहून झालं की मामंजी हळूच विचारत, "मग? काढू का औंदा एक फूल?"

"मला नाय टोचून घ्यायचं," सासूबाई म्हणत. "टोचणारी बाई डोक्यावरून हात फिरवती, गाणं म्हणती. ह्ये तुमचं नुसतं भुणभुणतंय."

मामंजींचं तोंड उतरे. ते वाद घालत नसत, हात धरत नसत. पण दुसऱ्या दिवशी मशीन उघडून बसत. त्यांच्या मते दोष बायकोच्या मनात नव्हता, मशीनच्या आवाजात होता. आणि तो काढायला घरातली आणखी एक वस्तू लागे.

माझ्या नवऱ्यानं कारखान्यातल्या पहिल्या बोनसमधून टेपरेकॉर्डर आणला होता. तो कसा गेला हे सांगायला नकोच. मामंजींना कुणी तरी सांगितलं होतं की परदेशात आता रिळं आणि पट्टी नसलेली मशीनं निघालीत, त्यांत छोटी मोटर गोल फिरते. मोटरीच्या दांड्यावर चाकती बसवायची, चाकतीवर मध्यापासून जरा बाजूला एक खिळा, खिळ्याला सुई अडकवायची. मोटर फिरली की सुई खाली-वर. सुई इकडंतिकडं जाऊ नये म्हणून बॉलपेनची रिकामी नळी. हे सगळं त्यांनी मला आनंदानं समजावून सांगितलं आणि मी तोंड फिरवून तांदूळ निवडत राहिले. मशीन खरंच हलकं झालं होतं, आवाजही मऊ होता. त्या खंडेनवमीला सासूबाईंनी त्यावर बोट ठेवून बघितलं. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या, "पण नगं." घरात गाणी ऐकायला टेप नव्हता, आणि हातावर फूलही नाही.

माझा बांध फुटला तो कुकरवरून. रक्तातून रोग पसरतात, एकच सुई सगळ्यांना टोचू नये, अशी चर्चा सगळीकडे सुरू झाली होती. बाकीचे गोंदणारे सुई फडक्याला पुसून पुढच्या माणसाला लावत. मामंजींनी ते सोडलं. प्रत्येकाला वेगळी सुई, आणि वापरलेली सुई दवाखान्यात वाफवतात तशी वाफवून घ्यायची. वाफ कशात? माझ्या वरणाच्या कुकरमध्ये! मी शिट्टी ऐकून वरण झालं म्हणून झाकण काढलं तर आत डब्यात सुया.

"मामंजी, हे घर आहे की दवाखाना?" मी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. "ह्यात आम्ही जेवतो!"

"फकस्त तीन शिट्ट्या लागत्यात," ते म्हणाले. जणू माझी तक्रार गॅसबद्दल होती.

मग नव्या कुकरवर मी खडूनं माझं नाव लिहिलं. मामंजी म्हणाले, खडूनं कशाला, मी गोंदून देतो की.

पुढे शहरात काचेच्या दारांची गार दुकानं निघाली. तिथं पेनासारखं मशीन, बंद पाकिटातल्या सुया, वापरली की फेकून द्यायची. मामंजी एकदा तसं दुकान बघून आले. वाईट वाटलं का, विचारलं तर म्हणाले, "नाय गं. लई चांगलं गातंय ते. आपलंच नातवंड म्हणायचं." जत्रेतलं बसणं त्यांनी हळूहळू बंद केलं. मला वाटलं, सुटले. पण तेव्हाच सासूबाई विसरायला लागल्या.

आधी किल्ल्या विसरल्या, मग दूध उतू गेलं, मग एक दिवस त्या बाहेर गेल्या आणि परतीचा रस्ताच विसरल्या. शहागंजच्या घड्याळापाशी सापडल्या. मी गळ्यात पत्त्याचं लॉकेट घालू म्हटलं. मामंजी म्हणाले, "हातावर पत्ता घालू का? जत्रंत लेकरांना घालायचो तसा." मी इतकी भडकले! "त्या माणूस आहेत, ग्रामपंचायतीचं भांडं नाही नाव घालायला. आयुष्यभर नको म्हणाल्या, आता कळत नाही तर टोचणार?" मामंजी चष्मा काढून पुसत राहिले.

याहून वाईट पुढे होतं. सासूबाई मला ओळखत, नातवंडांना अधूनमधून ओळखत, पण मामंजींना मुळीच नाही. ते खोलीत आले की डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करत. "ह्यो परका माणूस घरात कसा आला गं? त्येला जायला सांग." ते समोर असले तर घास घेत नसत. इतक्या वर्षांचा नवरा ओसरीवर बसून बायकोचं जेवण होण्याची वाट बघायचा. आत यायचं नाही. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि बघवत नाही म्हणून मी जास्तच चिडचिड करायची.

एका दुपारी मागच्या खोलीतून ती जुनी भुणभुण ऐकू आली. आता काय फोडलं, म्हणत मी तरातरा गेले. मामंजी खाटेवर बसून स्वतःच्याच डाव्या हातावर गोंदत होते. समोर कागदावर सासूबाईंच्या हातावरचं तुळशीवृंदावन काढलं होतं. त्या झोपल्या असताना हातभर लांब बसून बघून काढलेलं. वृंदावनाच्या पायाशी आडवी तीन टिंबं होती. फर्दापूरकडच्या त्या गोंदणारणीची ती खूण, तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरींच्या हातावर असलेली. पुरुषाच्या हातावर असलं काही कुणी काढत नाही. लोक हसले असते. रेघा वाकड्या येत होत्या. गोंदताना एका हातानं मशीन धरायचं आणि दुसऱ्यानं कातडं ताणायचं असतं. स्वतःच्या हातावर गोंदणाऱ्याला दुसरा हात कुठून आणायचा?

"सूनबाई," मान वर न करता ते म्हणाले, "जरा ताणून धर."

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांचं सुरकुतलेलं कातडं ताणून धरलं. हा माणूस वेडा आहे, असं मनात म्हणत होते आणि रडत होते.

खपली पडून गेल्यावर एक दिवस ते सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन बसले. हात मांडीवर उघडा ठेवला. सासूबाईंनी पदर ओढला, मग त्याच्या आडून हाताकडे बघितलं. बघत राहिल्या. बोटानं ती तीन टिंबं चाचपली.

"अगं बाई! आमच्याकडचे व्हय तुम्ही? फर्दापूरचे?"

"व्हय," मामंजी म्हणाले.

"अगं, ऐकलं का," सासूबाईंनी मला हाक मारली, "माझ्या म्हायेरचं माणूस आलंय, चहा टाक."

तेव्हापासून रोज दुपारी मामंजी आपल्याच घरात माहेरचे पाहुणे होऊन येत. त्यांच्यासमोर सासूबाई जेवत, हसत, लेण्यांकडच्या रानातल्या बोरांच्या गोष्टी सांगत. मी रोज दोघांना चहा करून देई आणि सासूबाई रोज मला बजावत, पाहुण्यांना साखर जास्त घाल. मामंजींना साखरेचा आजार. ते गुपचूप पीत आणि मी दातओठ खात बघत राही.

सासूबाई गेल्या त्याच्या थोडं आधीची गोष्ट. त्या पाहुण्यांच्या कानाशी वाकल्या आणि जन्मात कधी घेतलं नव्हतं ते नाव त्यांनी घेतलं. "ह्या घरात नामदेव म्हणून एक माणूस हाय," त्या म्हणाल्या. "घरातलं काय म्हणून धड ठिवत नाय. सगळं खोलून बसतोय."

"लई तरास देतोय का?" मामंजींनी विचारलं.

सासूबाईंनी पाहुण्यांच्या हातावरची टिंबं पुन्हा चाचपली.

"देतोय. पण टोचू का म्हणून इचारायचा मला. मी नगं म्हणायची. सगळा जलम इचारलं त्यानं, पण एकदाबी माझा हात वढला नाय. म्हायेरी सांगा, पोरगी चांगल्या घरी पडलीय."

"सांगतो," मामंजी म्हणाले. मग उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. बादली भरून वाहत होती, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी येतं. तरी त्या दिवशी मी नळ वाहू दिला.