वडखळपर्यंत गप्प

"बाहेर बघा हो बाई, बाहेर! झोपायला घर हाय," असं म्हणत सर एसटीच्या काचेवर बोटातल्या अंगठीने टकटक करायचे. पेण ते रोहा हा आमचा रोजचा प्रवास. शाळा एकच; मी मराठी शिकवायची, ते भूगोल. वर्गातला तास त्यांना पुरत नसे. उरलेला भूगोल ते गाडीत शिकवत.

डोलवी मागे पडली की त्यांना कंठ फुटे. गडबची भातशेती आली की, "सगळा जिल्हा भाताचं कोठार होता. आता पोरं कंपनीत शिफ्टला जातात." नागोठण्याला अंबा नदीवरचा जुना दगडी पूल दिसला की आवाज चढे, "निजामशाहीतला पूल, अजून उभा हाय!" रोह्यात कुंडलिका दिसली की विचारत, "हे पाणी कुठलं? मुळशीचं! खरं तर पूर्वेला बंगालच्या उपसागरात जायचं. डोंगरातून खाली आणलं, त्यावर वीज केली आणि सोडलं आपल्या नदीत."

सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेली एक मावशी एकदा म्हणाली, "मंग मास्तर, परत मागाया येतील काय ते?" सगळी गाडी हसली. सर सर्वात जास्त.

तुम्हीही अशा माणसाशेजारी कधी बसला असाल. आधी कंटाळा येतो, मग सवय होते आणि एखाद्या दिवशी तो आला नाही तर रस्ता लांब वाटतो.

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. पेण सोडल्यावर उजव्या हाताला खाडीकडचा सपाट पट्टा लागतो, मिठागरं लागतात. त्यावर सर अवाक्षर काढत नसत. वडखळ येईपर्यंत चष्मा पुसत बसत.

एके दिवशी वडखळला एक म्हातारा गाडीत चढला. मिठागरावर राबून काळवंडलेला. तो सरांकडे बघतच राहिला.

"तू बांधावरच्या दामूचा पोर ना रं?"

सरांनी नुसती मान हलवली.

"गाव इसरलास व्हय?"

त्या दिवशी नागोठण्याचा पूल गेला, कुंडलिका आली, सर बोलले नाहीत. शाळेच्या फाटकाशी मात्र थांबले. "बाई, रविवारी माझ्याबरोबर गावाला याल? एकट्याला जाववत नाय."

गेलो. सरांनी निरोप पाठवला होता, म्हातारा वाट बघत होता. मिठागरांपलीकडच्या त्या गावात चार-दोनच घरं उरलेली. खारं पाणी अडवायचा मातीचा बांध एका उधाणात फुटला होता, आणि तेव्हापासून भाताच्या खाचरांत खारफुटीची तिवरं माजली होती. म्हाताऱ्याने बोट दाखवलं. "हितं खांड पडली. तुझा बापूस ती बुजवाया पेंढ्याचा भारा घेऊन उतरला तो वर आलाच नाय."

"मी पेणला होतो तेव्हा," सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की म्हाताऱ्याशी, कळेना. "मॅट्रिकचा भूगोलाचा पेपर होता. भरती-ओहोटीवर प्रश्न आलेला. चांगला लिहिला मी. इकडे बापूस बुडलेला आणि मी चंद्राची आकृती काढत बसलो होतो."

"तुजा पेपर हाय त्याला ठावं व्हतं," म्हातारा म्हणाला. "बांधावर जाताना आमाला सांगून गेला, माजं काय पन होवदे, पोराला पेपर होईस्तवर कळवू नका. म्हनून तुला उशिरा सांगितलं."

सर खाली बसले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

त्या वर्षीचा पावसाळा यायच्या आत सर गेले. झोपेतच. शाळेत शोकसभा झाली, मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले.

डोळ्यांपुढे फक्त तो बांध होता. सर मातीत फतकल मारून बसलेले, म्हातारा त्यांच्या पाठीवरून हात फिरवतोय, "ऊठ रं पोरा, पानी चढतंय." आणि निवृत्तीला आलेले आमचे सर लहान मुलासारखे म्हणत होते, "बसूया ना काका अजून थोडा वेळ."