युद्धजोखमीची नोटीस

महासत्तांच्या युद्धांविषयी लिहायला माझ्याजवळ ना पदवी, ना अधिकार. विम्याच्या मसुद्यांपलीकडे मी कधी काही लिहिले नाही. निवृत्तीनंतरचे हे पहिलेच लेखन, म्हणून वाचकांची आधीच क्षमा मागते. पण ती नोटीस सहीसाठी माझ्या टेबलावर आली, तेव्हा युद्धे कशी लागतात हे जयपूरच्या आमच्या ऑफिसात बसून मला थोडेसे दिसले. ते सांगावेसे वाटते.

मी मरीन अंडररायटर होते. म्हणजे समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाची जोखीम घ्यायची की नाही, हे ठरवणारी. साध्या मरीन विम्यात युद्धाने झालेले नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी ‘वॉर कव्हर’ वेगळे घ्यावे लागते. कंपनी ते सात दिवसांच्या नोटिशीने काढून घेऊ शकते; मात्र तोवर जहाजावर चढलेल्या मालाला ती नोटीस लागू होत नाही.

त्या आठवड्यात एका सामुद्रधुनीत दोन महासत्तांची आरमारे समोरासमोर उभी होती. आमचे रीजनल मॅनेजर बोरकर साहेब, मूळचे नागपूरचे, नोटीस घेऊन स्वतः आले.

“मॅडम, सगळ्या एक्स्पोर्टर्सचं वॉर कव्हर बंद करायचं आहे. शिफारशीखाली सही करा.”

“काही नवीन घडलं का, सर?”

“समोरच्या कंपनीनं नोटिसा टाइप केल्या आहेत. त्यांनी अंग काढलं, तर सारी जोखीम आपल्या गळ्यात. काहून वेळ घालवता?”

“हेड ऑफिसचा आदेश आहे?”

“तुमची शिफारस जोडली की आणतो.”

हे चालले असताना आमच्या एक ग्राहक, नफीसाजी, माझ्यासमोरच बसल्या होत्या. शहराच्या सीतापुरा औद्योगिक भागात त्यांचा ब्लॉक प्रिंटच्या रजयांचा कारखाना. त्यांचा कंटेनर बंदराकडे निघाला होता, परंतु तो जहाजावर चढेपर्यंत नोटिशीची मुदत उलटून गेली असती. परदेशी खरेदीदाराच्या करारात वॉर कव्हरची अट होती; ते नसेल तर माल नाकारण्याची त्याला मोकळीक. आणि हिवाळा सरल्यावर रजई कोण घेणार?

त्यांना मराठी येत नव्हते, पण ‘बंद’ हा शब्द कळला.

“मॅडमजी,” त्या म्हणाल्या, “लड़ कौन रहा है, और रजाई किसकी जलेगी?”

बोरकर साहेबांनी नोटीस माझ्यापुढे सरकवली. मीटिंगमध्ये माझे वाक्य लोक मला दोनदा विचारत, इतका माझा आवाज बारीक. तरीही मी म्हणाले, “लंचनंतर सांगते.”

ते गेल्यावर मी समोरच्या कंपनीतल्या माथुरजींना फोन लावला. तेही माझ्यासारखेच अंडररायटर. मोठ्या जोखमी आमच्या कंपन्या वाटून घेत, त्यामुळे आमचे बोलणे नेहमीचे.

“माथुरजी, नोटिस निकाल दी?”

“निकाली नहीं, टाइप करवाई है। सुना, आप लोग निकाल रहे हैं। हमारे साहब बोले, पीछे नहीं रहना।”

“सुना किससे?”

“आपके ही बोरकर साहब से! क्लब में कह रहे थे, तैयारी तो रखनी पड़ेगी।”

 आमचे साहेब ‘तयारी’ म्हणाले, म्हणून त्यांनी टाइप केले. त्यांनी टाइप केले, म्हणून आम्ही सहीला आणले. नोटीस कोणालाच द्यायची नव्हती. प्रत्येकाला केवळ दुसऱ्याच्या मागे राहायचे नव्हते. सामुद्रधुनीतल्या जहाजांवरही याहून निराळे काय चालले असेल, असे मनात आले.

“माथुरजी, हमारी नहीं निकलेगी। मैं साइन नहीं करूँगी। अपने साहब को मेरा नाम लेकर बता दीजिए।”

“पक्का?”

“पक्का.”

बोरकर साहेबांना हे सांगितले, तेव्हा ते लालबुंद झाले.

“आपले पत्ते त्यांना दाखवले तुम्ही?”

“दाखवले, सर. लपवून काय झालं ते दिसलंच.”

“अन् ते थांबलेच नाहीत तर?”

“तर जोखीम आपल्यावर येईल. ती तोलायलाच मला इथे बसवलं आहे.”

“उद्या खरंच महायुद्ध लागलं तर?”

जहाजांच्या युद्धविम्यात एक जुने कलम असते: ठरावीक पाच महासत्तांपैकी कोणत्याही दोघींत युद्ध पेटले, की संरक्षण आपोआप संपते. तेवढे मोठे युद्ध कोणतीही कंपनी पेलू शकत नाही.

“मग जहाजंच सुटणार नाहीत, सर, आणि आपली नोटीस वाचायलाही कोणी नसेल. आपलं काम त्याच्या आधीचं आहे. मी शिफारस करत नाही. तसं लिहून देते.”

“इतकी वर्षं तुमचा आवाज कधी ऐकला नाही, मॅडम.”

“आज ऐकलात ना? मग ठीक आहे.”

नोटीस निघाली नाही. संध्याकाळी माथुरजींचा फोन आला; त्यांचीही निघणार नव्हती. दोन्ही कंपन्यांनी त्या मार्गाचा प्रीमियम तेवढा वाढवला. नफीसाजींचे जहाज सामुद्रधुनी टाळून लांबच्या वाटेने गेले, आणि रजया उशिरा, पण थंडीतच पोहोचल्या. पुढे आरमारेही मागे फिरली. त्यात आमचा काही वाटा नव्हता, हे सांगायला नको.

माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ‘संघभावनेचा अभाव’ असा शेरा आला. तो काढून टाका, अशी विनंती मी केली नाही. माझ्यापुरता धडा एवढाच की, सावधगिरीच्या नावाखाली उचललेले पाऊल समोरून नेहमी चाल करून आल्यासारखे दिसते.

दोन्ही बाजू ‘आम्ही फक्त तयारी करतो आहोत’ असे म्हणत असतील, तेव्हा पहिला फोन कोणी करावा, असे तुम्हाला वाटते?