व्हर्नाने न सांगितलेलं नाव

व्हर्ना हॅल्डेन ओटावातल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायची. १९६३ च्या मार्चमध्ये तिला एका बंद खोलीत बोलावलं. समोर दोन साहेब.

"तुमची एक खास मैत्रीण आहे म्हणे. नाव सांगा, म्हणजे नोकरी राहील."

"मैत्रिणी पुष्कळ आहेत. तुमच्या बायकोलाही असतील."

आठवड्यात तिची नोकरी गेली. मैत्रिणीचं नाव होतं ओदील तेसिए, त्याच कचेरीतली टायपिस्ट. सहा वर्षं ती दर रविवारी व्हर्नाच्या खोलीवर यायची. नोकरी गेली त्या रविवारी आली नाही. नंतर कळलं, ती व्हँकूव्हरला निघून गेली होती.

माझी व्हर्नाशी ओळख लाँड्रीतली. बावीस वर्षं आम्ही शेजारी उभ्या राहून शर्टांना इस्त्री केली, पण हे सगळं तिनं मला फार उशिरा सांगितलं. डबा ती भिंतीकडे तोंड करून खायची. एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटसमोर भर पावसात काही तरुण मंडळी समलिंगींसाठी समान हक्क मागायला जमली. ती रस्त्याच्या अलीकडे थांबली.

"जा की त्यांच्यात," मी म्हटलं.

"मी कुणाला ओळखते तिथे?"

सगळे पांगेपर्यंत ती भिजत उभी होती.

पुढे कायदे बदलले, लग्नंही होऊ लागली. २०१७ मध्ये सरकारनं अशा कारणानं नोकरीवरून काढलेल्यांची माफी मागितली. शहाऐंशी वर्षांच्या व्हर्नानं स्वतःच्या चौकशीची फाइल मागवली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवली. जवळजवळ सगळ्या ओळी काळ्या केलेल्या. एक राहिली होती: 'माहिती देणारी सांगते, रविवारी दोघी नासपतीचा मुरंबा करतात आणि पडदे ओढून नाचतात.'

"हे कुणाला माहीत होतं?" मी विचारलं.

"आम्हा दोघींनाच."

तिनं माझ्या हातातून कागद घेऊन त्याची घडी घातली.

"माझ्याआधी त्या खोलीत तिला बसवलं असेल त्यांनी. नाव त्यांना ठाऊकच होतं. घाबरट होती गं ती. कुत्रं भुंकलं तरी माझा हात धरायची."

"राग नाही येत?"

"मी गप्प राहिले म्हणून ती वाचली, असं समजून इतकी वर्षं काढली. आता राग कुठं ठेवू?"

तिच्या सांगण्यावरून मी चौकशी केली. ओदील नऊ वर्षांपूर्वी व्हँकूव्हरच्या एका वृद्धाश्रमात वारली होती. लग्न केलं नव्हतं. भेटायला येणारं कुणी नव्हतं.

"मला एक पत्र टाकायला हवं होतं तिनं," व्हर्ना म्हणाली. "मी लगेच गेले असते."