वाल्देमीरच्या वडिलांचे एकशे त्रेचाळीस गोल

मंदी आली आणि गुणवंत साळोखेला बसवेना झालं.

अबुधाबीच्या एका बांधकाम कंपनीत तो डॉक्युमेंट कंट्रोलर होता. साइटवर जाणारा आणि साइटवरून येणारा प्रत्येक नकाशा त्याच्या टेबलावरून जायचा. त्यावर नंबर घालायचा, शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची आणि फाईल लावायची. २००८च्या उन्हाळ्यापर्यंत दिवसाला दोन-दोनशे नकाशे यायचे आणि जेवायला वेळ नसायचा. २००९च्या फेब्रुवारीत दहा यायला लागले. साडेनऊला सगळं खलास. मग गुणवंत उठायचा. पॅन्ट्रीत जायचा, नकाशे छापणाऱ्या प्लॉटरपाशी उभा राहायचा, जिना उतरून पार्किंगला फेरी मारायचा आणि वर येऊन पुन्हा खुर्च्यांच्या मधून चालायचा. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. एका टेबलावरचं कॅलेंडर अजून नोव्हेंबरातच होतं, कारण पान उलटणारा माणूस तेव्हाच केरळला परतला होता.

घरी खलिफा सिटीतही तेच. टीव्ही लावायचा, बंद करायचा, गॅलरीत जायचा, आत यायचा. बायको मृणालिनी इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. ती वह्या तपासता तपासता म्हणायची, "अहो, टेका की जरा. तुमच्याकडे बघूनच माझे पाय दुखायला लागलेत."

बारा वर्षांची अवनी मान वर न करता म्हणायची, "बाबा, प्लीज सिट डाउन. यू आर मेकिंग मी डिझी."

बसलं की डोक्यात याद्या यायच्या. नोकरकपातीच्या पुढच्या यादीत कोण? प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी एचआरचा फोन वाजायचा आणि कुणीतरी लिफाफा घेऊन बाहेर यायचं.

अशात एके दिवशी पॅन्ट्रीत भांडण लागलं.

कंपनीत दोन ब्राझिलियन इंजिनिअर होते. दोघं एकाच गावचे, पोर्तो आलेग्रेचे. आणि म्हणूनच एका टेबलावर कॉफी न पिणारे. वाल्देमीर हा तिथल्या इंटरनॅसिओनाल फुटबॉल क्लबवाला. त्याच्या कॉम्प्युटरवर लाल झेंडा. नेल्सन त्या क्लबच्या कट्टर विरोधकांचा, ग्रेमिओचा. त्याच्याकडे सगळं निळं, कॉफीचा मगसुद्धा. ऑफिसातल्या बाकीच्यांना हे पोरकट वाटायचं. गुणवंतला नाही वाटायचं. तो कोल्हापूरचा, पेठापेठांच्या फुटबॉलमध्ये वाढलेला. पेठेची मॅच हरली म्हणून दोन दिवस जेवण सोडलेली माणसं त्याने घरात पाहिली होती.

भांडण गोलांवरून होतं. पेलेचे गोल बाराशेच्या वर की साडेसातशेच्या आसपास? मैत्रीपूर्ण सामन्यांतले धरायचे की फक्त अधिकृत? दोन वर्षांपूर्वी रोमारिओने हजारावा गोल साजरा केला, तेव्हा त्याने पोरवयातलेही मोजले होते म्हणे. हे वाद गुणवंतने ऐकलेले होते. पण नेल्सन एकदम म्हणाला, "तुझ्या वडिलांसारखंच! एकशे त्रेचाळीस गोल म्हणे! निम्मे खाटकांच्या संघाविरुद्ध असतील."

वाल्देमीरचे वडील पन्नासच्या दशकात एका लहान शहरातल्या क्लबकडून खेळायचे. एक हंगाम ते इंटरनॅसिओनालच्या राखीव संघातही होते. त्यांच्या घरात एकशे त्रेचाळीस हा आकडा देवघरातल्या तसबिरीसारखा होता. वाल्देमीर लालबुंद झाला. "गोल तो गोल! जाळीला काय कळतं समोर खाटिक आहे की पाद्री?"

गुणवंत ट्रॉली ढकलत दारातून जात होता. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सर, रेकॉर्ड कुठंय?"

दोघंही त्याच्याकडे वळले.

"रेकॉर्ड असलं तर भांडायचं कशाला," गुणवंत म्हणाला. "आणि नसलं तरी भांडण्यात काय अर्थ आहे?"

तीन आठवड्यांनी वाल्देमीरने त्याच्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणून ठेवला. कुरिअरने आलेला. आत पिवळी पडलेली वर्तमानपत्रांची कात्रणं होती. त्याच्या आईने, नवीन लग्न झाल्यापासून, कात्रीने कापून जपलेली. ती जाऊन दहा वर्षं झाली होती, म्हातारे वडील मागे होते. "गुना," वाल्देमीर म्हणाला, "तू कुणाचाच नाहीस. तू मोज."

गुणवंतच्या हाताला काम मिळालं. त्याने नकाशांसारखंच रजिस्टर उघडलं. प्रत्येक गोलाला नंबर, तारीख, विरुद्ध संघ, पुरावा आणि शेरा. लीगमधला गोल असेल आणि छापील पुरावा असेल तर 'ए'. मैत्रीपूर्ण सामना असेल तर 'बी', म्हणजे मंजूर, पण टिपेसह. पुरावाच उलटा निघाला तर 'सी', नामंजूर. पोर्तुगीज येत नव्हतं, पण बातम्या छोट्या होत्या आणि शब्द तेच तेच. अडलं की तो नेल्सनकडे जायचा. नेल्सन आधी नाक मुरडायचा, मग चष्मा लावून वाचून द्यायचा. दोन महिने गुणवंत टेबलावरून उठला नाही. मृणालिनीला वाटलं, नवीन प्रोजेक्ट आलं.

त्याला एक गंमतही सापडली. कात्रणांच्या मागच्या बाजूला, कुठल्यातरी औषधाच्या अर्ध्या जाहिरातीशेजारी, इतर सामन्यांचे बारीक निकाल होते. तिथे चार गोल निघाले, जे घरच्यांच्या हिशेबात कधी आलेच नव्हते.

आणि मग एकशे एकोणिसावा गोल आला.

हा घरातला सगळ्यात लाडका गोल. राखीव संघांचा सामना, समोर ग्रेमिओ, शेवटची पाच मिनिटं, विजयाचा गोल. या एका गोलावर वाल्देमीर लहानाचा मोठा झाला होता. त्याची कात्रणं दोन होती. पहिल्यात वडिलांचं नाव ठळक होतं. दुसरं घडी घालून त्याच्याच आत सरकवलेलं होतं. त्यात दोन शब्द होते, जे गुणवंतने आधी कुठे वाचले नव्हते. तो नेल्सनकडे गेला.

नेल्सन त्या दिवशी खोक्यात सामान भरत होता. सकाळीच त्याला लिफाफा मिळाला होता. त्याने कात्रण वाचलं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"गोल कॉन्त्रा. स्वतःच्याच जाळीत. आमच्या बचावातल्या बॅकच्या गुडघ्याला लागून गेला, असं लिहिलंय. चेंडू त्याच्या वडिलांच्या पायाला लागलाच नाही."

गुणवंतला वाटलं, आता हा उठून नाचेल. नेल्सनने चष्मा काढला. "तीन वर्षं मी असं काहीतरी सापडायची वाट पाहत होतो. आणि आता... लिहू नकोस, गुना. तू नाही लिहिलंस तर कुणाला कळणार?"

"मला," गुणवंत म्हणाला. नेल्सनने कात्रण परत दिलं आणि निळा मग कागदात गुंडाळायला घेतला.

त्या दिवसापासून गुणवंतची चाल पुन्हा सुरू झाली. एकशे एकोणिसाव्या ओळीसमोर शेऱ्याची चौकट कोरी राहिली. वाल्देमीर रोज विचारायचा, "झालं?" आणि गुणवंत म्हणायचा, "इन्शाल्ला, या आठवड्यात." कारण असा प्रसंग त्याच्यावर एकदा येऊन गेला होता आणि तो त्याला निभावता आला नव्हता.

१९८६ साली, एकोणीस वर्षांचा असताना, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तो स्कोअररच्या टेबलावर बसायचा. फायनल होती. त्याच्याच पेठेचा महादू हंगामातल्या सगळ्यात जास्त गोलांच्या बक्षिसापासून एका गोलावर होता. कॉर्नर आला, गर्दी झाली, चेंडू आत गेला. अख्खी गॅलरी महादूच्या नावाने ओरडली. गुणवंतला मात्र समोरच्या बॅकचा गुडघा दिसला होता. त्याने लिहिलं, 'सेल्फ गोल'. कप पेठेला मिळाला, बक्षीस दुसऱ्याला गेलं. तिसऱ्या दिवशी गुणवंतची सायकल रंकाळा तलावात सापडली. महादू त्यानंतर त्याच्याशी कधी बोलला नाही.

तोच महादू आता रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात फोरमन होता. एकाच देशात सहा वर्षं राहून दोघं भेटले नव्हते. एका शुक्रवारी सकाळी गुणवंतने गाडी काढली. का जातोय हे त्याने मृणालिनीलाही धड सांगितलं नाही.

सहा खाटांच्या खोलीत महादू एकटाच होता, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून बसलेला. केस पांढरे झाले होते. गुणवंतला दारात बघून तो गुडघा धरत उठला. मग शेगडीवर चहाचं भांडं ठेवलं.

"बस गुण्या. उभा राहून काय बघतोस?"

गुणवंतने चहा होईपर्यंतही दम धरला नाही. "महादू, तो गोल तुझा होता का रे?"

"न्हवता," महादू म्हणाला. "गुडघा त्याचाच लागला. मला बी दिसलं हुतं."

"मग तेवीस वर्षं..."

"आरं, मी पेपरात वाचलं!" महादूचा आवाज चढला. "न्हाव्याच्या दुकानात बसून, चार मानसांत. तुझ्या घरापासनं माझं घर दोन दारं सोडून. त्याच दिवशी येऊन तोंडावर सांगितलं असतंस, तर शिव्या घातल्या असत्या, एक ठेवून बी दिली असती. पण जेवल्याबिगर सोडला नसता तुला."

गुणवंत म्हणाला, "सायकल कुणी टाकली?"

"मीच की," महादू म्हणाला. "लई जड हुती."

दुपारी दोघं भात आणि सुक्या बोंबलाची चटणी जेवले. परतीच्या रस्त्यावर गुणवंतने कुठेही गाडी थांबवली नाही.

रविवारी सकाळी तो रजिस्टर आणि डबा घेऊन वाल्देमीरच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावलं. एकशे एकोणिसावी ओळ अजून कोरी होती. त्याने दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवली. "सर, हा गोल तुमच्या वडिलांचा नाही. शेरा लिहायच्या आधी तुम्हाला सांगायला आलोय."

वाल्देमीरने दुसरं कात्रण वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठला. "नेल्सनने शिकवलं तुला हे! तू ग्रेमिओचा आहेस!"

"मी कोल्हापूरचा आहे, सर."

"बाहेर जा!"

गुणवंत बाहेर आला. काचेतून सगळं ऑफिस बघत होतं. टेबलावर येऊन त्याने लाल पेन घेतलं आणि चौकटीत 'सी' लिहिलं. अक्षर नीट आलं.

पुढे वर्षभर वाल्देमीर त्याच्याशी बोलला नाही. नकाशे ऑफिसबॉय इद्रीसच्या हाती पाठवायचा. आणखी दोन याद्या निघाल्या, दोघंही वाचले. मग २०१०च्या ऑगस्टमध्ये इंटरनॅसिओनालने दक्षिण अमेरिकेचा कप जिंकला. म्हणजे डिसेंबरात ते जगातल्या क्लबांच्या स्पर्धेला येणार होते, आणि ती स्पर्धा अबुधाबीत होती. वाल्देमीर आठवडाभर लाल शर्टात ऑफिसला आला. नोव्हेंबरात एक दिवस तो गुणवंतच्या टेबलापाशी थांबला, दोन तिकिटं ठेवली, "मुलीला घेऊन ये," म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

सेमीफायनलला स्टेडियम लाल झालं होतं. हजारो माणसं अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती. समोर काँगोचा माझेम्बे संघ, ज्याचं नाव त्यातल्या बहुतेकांनी त्याच महिन्यात ऐकलं असेल. इंटरनॅसिओनालच फायनल गाठणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. पहिल्या हाफला गोल झाला नाही. दुसऱ्या हाफला माझेम्बेने एक मारला. वाल्देमीर ओरडायचा थांबला. मग दुसरा झाला, आणि माझेम्बेचा गोलकीपर आनंदाने जमिनीवर बसल्या बसल्या बेडकासारख्या उड्या मारत सुटला. अवनीला हसू आवरेना. "बाबा, लुक अॅट हिम!" गुणवंतने तिचा हात दाबला. शेजारी वाल्देमीर दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता. त्याच्या मोबाईलवर एकामागून एक मेसेज येत होते. सगळे नेल्सनचे, पोर्तो आलेग्रेहून. तो उघडत नव्हता.

गुणवंत त्याच्याकडे सरकला. तो म्हणाला, "शुक्रवारी घरी जेवायला या."

महिना संपायच्या आधीच, त्याच गुरुवारी पुन्हा यादी निघाली. या वेळी दोघांनाही लिफाफा मिळाला.

तरीही शुक्रवारी वाल्देमीर आला. मृणालिनीने तांबडा रस्सा केला होता. वाटीतला लाल रंग बघून तो पहिल्यांदा हसला. मग घाम पुसत पुसत तीनदा वाढून घेतला. जेवण झाल्यावर म्हणाला, "तुला केबिनबाहेर काढलं, त्याच आठवड्यात मी वडिलांना फोन केला होता, गुना. ते म्हणाले, गुडघ्याला लागला होता, मला माहीत होतं. तुझी आई इतकी खूश झाली होती की सांगायचं राहून गेलं. आणि तिलाही माहीत होतं. दुसरं कात्रण तिनेच कापलं होतं, नाही का?" त्याने पुन्हा घाम पुसला. "तुला हे सांगायला मला दीड वर्ष लागलं. लाज वाटत होती."

गुणवंतने आतून रजिस्टर आणलं. वाल्देमीरने हिशेब वाचला. एक वजा, चार जमा, एकशे सेहेचाळीस. त्यातल्या सतरा गोलांना कागद नव्हता. त्यांच्यासमोर गुणवंतने लिहिलं होतं, 'शोध चालू'.

जानेवारीत वाल्देमीर कायमचा परतला. गुणवंतला मार्चमध्ये एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम मिळालं. मधले दोन महिने कसे गेले, ते मृणालिनीलाच ठाऊक. पण त्या शुक्रवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. वाल्देमीरने घड्याळ बघितलं. तिकडे सकाळ झालेली होती. त्याने फोन लावला, पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला आणि फोन गुणवंतच्या हातात दिला.

पलीकडून म्हातारा आवाज आला, खरखरीत, जोरात, न थांबता. गुणवंतला त्यातले 'गोल' आणि 'ओब्रिगादो', म्हणजे धन्यवाद, एवढे दोनच शब्द कळले. आवाज थांबल्यावर तो कोल्हापुरीत म्हणाला, "व्हय बाबा, बरोबर हाय. तब्येतीला जपा. रजिस्टर पाठवतोय." पलीकडून पुन्हा सुरू झालं. पाच मिनिटं दोघं असेच बोलत राहिले.

फोन ठेवल्यावर अवनीने विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

"काय कळलं नाही गं," गुणवंत म्हणाला. "पण माणूस भरभरून बोलला."