फोन नंबरची ओळ

भोरच्या एसटी स्टँडमागच्या गाळ्यात झुल्फिकार मणेर यांनी बावीस वर्षं टायपिंग शिकवलं. सहा मशीन होती, सकाळ-संध्याकाळ वर्ग भरायचे. तालुक्यातल्या कितीतरी कारकुनांची बोटं त्यांच्या नजरेखालून गेली, म्हणून गावात त्यांना सगळे सर म्हणत. २००२च्या सुमाराला शिकायला येणारे थांबले. सरांनी चार मशीन भंगारात दिली, एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि नवी पाटी लावली: अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिकेचा मजकूर.

कॉम्प्युटर दर दोन महिन्यांनी बंद पडे. अमृत हा त्यांचा जुना विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दिवाळीला गावी आला तेव्हा त्यानं आतलं सगळं पुसून लिनक्स घातलं, वर टाइप करायला ओपनऑफिस.

"कुणाची कॉपी आणलीस?" सरांनी विचारलं.

"कुणाची न्हाई, सर. हे राजरोस फुकट आहे. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या."

"आणि त्यांचं पोट?"

"ते मलाही अजून नीट कळलेलं न्हाई."

जाताना अमृतनं बायोडाटाचा एक नमुना बनवून दिला. नाव, पत्ता, फोन, शिक्षण, अनुभव आणि तळाला वरील माहिती खरी असल्याची ओळ. नाव बदलायचं, मधलं बदलायचं, छापायचं. इंटरनेटवर सरांचं एक पानही करून देतो म्हणाला. सर म्हणाले, "मला शोधायला कोण इंटरनेटवर जातंय? स्टँडवर विचारतात."

त्या वर्षांत हायवेकडेला आणि नीरेच्या पुलापलीकडे कारखाने उभे राहत होते. बायोडाटा करायला रोज चार-पाच जण येत. बहुतेकांच्या घरी फोन नव्हता. मोबाईल आले होते, पण वेल्ह्याच्या बाजूला डोंगराआड रेंज नव्हती. तेव्हा फोनच्या ओळीत सर आपल्या गाळ्याचा नंबर टाकत. कंपनीचा फोन आला की चिठ्ठी लिहायची आणि त्या गावाकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायची. महिन्यातून तीन-चार चिठ्ठ्या होत. त्याचं ओझं वाटलं नाही.

पुढं सारोळ्यात सायबर कॅफे काढलेल्या बिलालनं नमुना मागितला. सरांनी आपल्या नंबरासकट फ्लॉपीवर दिला. फुकट मिळालेलं फुकट द्यावं, एवढंच त्यांना त्यातलं कळलं होतं. बिलालकडून तो भोंगवलीच्या झेरॉक्सवाल्याकडं गेला, तिथून आणखी पाच-सहा दुकानांत. कुणीही फोनची ओळ बदलली नाही. राष्ट्रीयत्वाच्या ओळीत जसं सगळ्यांचंच भारतीय, तसा तो नंबरही फॉर्ममधलाच असणार, अशी सगळ्यांची समजूत.

दीड वर्षात सरांचा फोन दिवसभर वाजायला लागला.

"गेनू शेडगे आहेत का?"

"बाहेर गेलेत. निरोप सांगा." गेनू शेडगे कोण, हे सरांना माहीत नसे. मग बिलालला फोन, मग झेरॉक्सवाल्याला, मग चिठ्ठी, मग स्टँडवर जाऊन योग्य गाडी गाठणं. एका गावात दोन गेनू निघत. जेवताना फोन, नमाजाला निघताना फोन. त्यांचे गुडघे गेले होते आणि गाळ्यापासून स्टँडपर्यंत चढ होता.

"पोस्टातला माणूस तरी अठ्ठावन्नला सुटतो," त्यांच्या पत्नी रुकसाना म्हणाल्या. "तुमी अठ्ठावन्नला भरती झाला."

"फाईल माझीच आहे ना."

"मग पुसा की तुमच्या फाईलमधनं. फुकटची आहे, पुसायला का पैसे पडतात?"

२००६च्या मार्चमध्ये सरांनी पुसलं. फोनची ओळ ठेवली, पुढं टिंबं टाकली. आठ फ्लॉप्या केल्या, आठ दुकानांत पाठवल्या आणि सगळ्यांना फोन करून बजावलं, जुनी फाईल काढून टाका. सगळ्यांनी ऐकलं. जुन्या कागदांवरून काही फोन येत राहिले, मग तेही कमी झाले. जूनपासून सर दुपारी जेवून तासभर आडवे व्हायला लागले. गाळ्यात इतकी शांतता असे, की शेजारच्या सलूनमधला रेडिओ ऐकू येई.

ऑगस्टमध्ये एका दुपारी छत्री मिटत एक तरुण आत आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद.

"बायोडाटाचे मणेर सर तुमीच का?"

"व्हय. बस. कुठनं आलास?"

"गुंजवण्यातनं. भिमा रसाळ. कागद सारोळ्यात केला व्हता, बिलालभाईकडं. त्ये म्हनले, फाईल सरांची हाय, त्यान्लाच इचार."

त्यानं कागद टेबलावर उलगडला. सरांनी आपला नमुना लांबूनही ओळखला असता. वर कोपऱ्यात लाल पेनानं बरोबरची खूण होती, खाली एक, असा आकडा. फोनच्या ओळीत टिंबं तशीच छापली होती.

भिमानं सांगितलं ते असं. पुलापलीकडच्या एका कारखान्यात फिटर घ्यायचे होते. त्यानं आयटीआय केलेलं, दोन वर्षं खेड शिवापूरला काम केलेलं. कागद द्यायला गेला तेव्हाच मुलाखत झाली, चाचणीला दिलेलं काम त्यानं सगळ्यांत आधी करून दिलं. कळवतो म्हणाले. तीन आठवडे त्यानं वाट बघितली. दुसऱ्याच्या शेतातली लावणी उरकून विचारायला गेला, तर ऑफिसातल्या कारकुनानं फाईलमधून हा कागद काढून त्याच्याच हातात दिला.

"म्हनला, तुझंच नाव पयलं व्हतं. सायबानी दुसऱ्या दिवशी हजर व्हायला सांगितलं व्हतं. कळवायचं कुठं? दोन नंबरच्याला फोन केला, त्यो सकाळी येऊन हुबा."

"पत्ता होता की कागदावर."

"म्या बी त्येच म्हनलं. तर म्हनला, पत्र पोचस्तोवर मशीन थांबतंय व्हय?"

सरांनी रिसीव्हर उचलला आणि सारोळ्याला फोन लावला.

"बिलाल, गुंजवण्याच्या रसाळचा कागद तू केलास?"

"केला की, चाचा. नंबर विचारला, न्हाई म्हनला. मग मोकळा सोडला. तुमीच पाठवली ना टिंबांची फाईल?"

"असे किती गेले?"

"आता मोजलेत कुणी? चाळीस-पन्नास. माझ्याकडनं."

सरांनी फोन ठेवला. बाकी सात दुकानांना विचारायची गरज नव्हती.

"पुन्हा जागा निघणार आहे का तिथं?" त्यांनी भिमाला विचारलं.

"दसऱ्यानंतर म्हनत्यात. आमची शेतं धरणात गेली, सर. म्हातारा म्हनतोय बदली जमीन मिळंल. म्या त्येच्यावर बसून न्हाई राहायचो. त्येवढा कागद नवा करून द्या. पन नंबर कुणाचा टाकायचा? गावात योक फोन हाय सरपंचाचा, त्यो उचलत्यात आन् इसारत्यात."

सरांनी कागद जवळ ओढला. त्यांनी पुसला होता तो आपला नंबर. ज्यांना दुसरा नंबरच नाही, त्यांचं काय, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. गुडघ्यांखेरीज दुसरा विचार केला नव्हता.

मग त्यांनी नमुन्याची फाईल उघडली, टिंबं काढली आणि नंबर घातला. पुढं कंसात लिहिलं: निरोपासाठी, मणेर. ती ओळ दोनदा वाचली. आतून रुकसाना चहा घेऊन आल्या, पडद्यावरचा आकडा त्यांना ओळखू आला. कप ठेवला आणि भिमाला म्हणाल्या, "साखर लागली तर सांग, यांना चालत न्हाई म्हणून कमीच असते."

भिमाच्या चार प्रती निघाल्या. "कुणाकडनं निरोप पाठवायचा?" सरांनी विचारलं. "दुधाचा टेम्पो येतो का तुमच्यात?"

"येतो, पन येळेचा भरोसा न्हाई. वेल्ह्याच्या गाडीला द्या, मार्गासनीच्या फाट्यावर. तिथं सावळारामचा चहा हाय. त्यो सांगंल."

"आणि तू स्वतः?"

"म्या दर सोमवारी येत जाईन इचारायला."

"बाजार मंगळवारी असतो."

"सोमवारीच येतो," भिमा म्हणाला. "मंगळवारी तुमच्याकडं गर्दी व्हईल."

तो गेल्यावर सरांनी खणातल्या आठ कोऱ्या फ्लॉप्या बाहेर काढल्या. आठातली एक खराब निघाली. उरलेल्या सातांवर नवी फाईल चढवेपर्यंत पाच वाजले. सारोळ्याकडं जाणारी गाडी सव्वापाचची होती. त्यांनी चपला घातल्या.